उणे अठराचे व्याही

आमच्या व्याह्यांनी जेवण गरम आहे म्हणून आयुष्यात कधी आनंद मानलेला नाही. शेगडीवरून पातेलं उतरलं की चार माणसांच्या तोंडाला पाणी सुटतं, यांच्या कपाळाला आठी पडते. हे गार कधी होणार, कशात भरणार, कुठल्या ड्रॉवरात जाणार आणि बाहेर कधी येणार, एवढ्याचा उलगडा झाल्याशिवाय ते जेवायला बसत नाहीत, आणि बसले तरी निम्मं लक्ष ओट्याकडं. मी पुष्कळ माणसं जेवताना बघितली आहेत. कराडच्या स्टँडाजवळ तीस वर्षं माझी खानावळ होती. भांडत जेवणारी, मुकाट जेवणारी, दुसऱ्याच्या ताटात बघत जेवणारी, सगळ्या तऱ्हा बघून झाल्या होत्या. मनगटावरचं घड्याळ लावून जेवणारा माणूस मात्र मला इंग्लंडात मुलाकडं गेल्यावर बघायला मिळाला, आणि तो निघाला आमच्या सुनेचा बाप.

व्याही मूळचे पुण्याचे. तरुणपणी तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला गेले ते तिथलेच झाले. डॉक्टर, पण भुलीचे. म्हणजे माणूस झोपवायचा, झोपेत त्याला सांभाळायचं आणि वेळ झाली की सुखरूप जागं करायचं. रिटायर झाल्यावर हेच काम त्यांनी आमटीवर चालू ठेवलं, असं मी म्हणायचो, आणि ते हसायचे नाहीत. लंडनच्या कडेला पिनर आहे, तिथं त्यांचं घर. मुलगी अकरा वर्षांची असताना त्यांची मंडळी गेली. हॉस्पिटलच्या ड्युट्या वेळी-अवेळी, घरात दुसरं माणूस नाही. मग हा गृहस्थ रविवारी सकाळी उठायचा, आठ दिवसांचा स्वयंपाक करायचा, पिशव्यांत भरायचा आणि फ्रीझरमध्ये लावायचा. पिशव्या आडव्या पसरून गोठवायच्या आणि गोठल्या की उभ्या करून ठेवायच्या, कपाटातल्या पुस्तकांसारख्या. शाळेतून आलेली पोर फळीवरून पुस्तक काढावं तशी आमटी काढून घ्यायची. अशी ती वाढली, शिकली, नोकरीला लागली आणि आमच्या घरात आली. तेव्हा सवय कुठून आली हे मला ठाऊक आहे. पण सवयीला काही हद्द असावी.

माणसं एकमेकांना कसं काय विचारतात, हे फ्रिजला विचारतात. कुणाच्याही घरी गेले की कोट काढायच्या आधी किचनमध्ये. खिशात एक छोटा थर्मामीटर कायम असतो, तो दह्याच्या डब्याशेजारी ठेवायचा आणि मग बाहेर येऊन नमस्कार-चमत्कार. फ्रिज पाचाच्या खाली, फ्रीझर उणे अठरा. हे दोन आकडे बरोबर निघाले की ते घर चांगलं, मग यजमान कसेही असोत. पिनरमध्येच एका ओळखीच्यांकडं सत्यनारायण होता, मलाही नेलं होतं. आरती चालू होती. व्याही पंचामृताची वाटी आणायला म्हणून आत गेले आणि परत येऊन यजमानीणबाईंच्या कानाशी, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे कानाशी, म्हणाले, "वहिनी, कोंबडी वरच्या कप्प्यात आहे आणि तिच्या खाली पंचामृताचं दही. कच्च्या कोंबडीची जागा सगळ्यात खाली." आरती थांबली नाही, पण टाळ्या विरळ झाल्या. आरती सांगणाऱ्या गुरुजींनी तेवढं कडवं दोनदा म्हटलं. गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "पाव्हणं, आज त्या बाईनं तुम्हाला मनातनं काय काय वाहिलं असंल." तर म्हणतात, "वाहू देत. पण कोंबडी हलवली त्यांनी. मी बघून आलो."

भाताचं तर विचारूच नका. भात म्हणजे त्यांच्या घरात वात लावलेला सुतळी बॉम्ब. बाकीच्या पदार्थाला फ्रिजबाहेर दोन तासांची मुदत, भाताला एक. शिजला की घड्याळ लावायचं, उरेल तो परातीत पातळ पसरायचा, खिडकी उघडायची, मग बाहेर बर्फ का पडत असेना. मी पहिल्यांदा त्यांच्याकडं जेवायला गेलो तेव्हा गप्पा रंगल्या, मी तिसऱ्यांदा भात मागितला, त्यांनी डाव भरून माझ्या ताटावर आणला आणि मनगटावर घड्याळ वाजलं. डाव तसाच मागं गेला. "आप्पा, आता भात नको. पोळी घ्या." मला वाटलं, चेष्टा. बघतो तर भात परातीत. माझ्या खानावळीत कुणाच्या ताटासमोरनं डाव मागं नेला असता तर दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दिसलं नसतं. मी पोळी घेतली नाही. उपाशी उठलो, आणि तसं सांगितलंही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. जाताना मात्र हातात एक पिशवी दिली. वर इंग्रजीत लिहिलेलं, ते मुलानं वाचून दाखवलं, 'भात, एक माणूस', आणि तारीख.

पिशव्यांवर लिहिण्याचं त्यांना वेडच. मी कराडहून कांदा-लसूण मसाला नेला होता, त्याच्यावर दुसऱ्या दिवशी इंग्रजीत चिठ्ठी, 'जहाल. अर्धा चमचा.' माझी तंबाखूची डबी त्यांच्याकडं विसरली ती आठवड्यानं फ्रिजच्या दारात सापडली, तारखेसकट. खवलेलं खोबरं बर्फाच्या ट्रेमध्ये चमचा-चमचा गोठवलेलं, कोथिंबीर, कढीपत्ता, भाकऱ्या, दोन भाकऱ्यांमध्ये कागद. आणि फ्रीझर उघडायची पद्धत तर बघण्यासारखी. दारासमोर उभं राहून डोळे मिटायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं, "दुसरा ड्रॉवर, डावीकडं, पाठीमागून तिसरी," मग डोळे उघडून दार उघडायचं, हात घालायचा, काढायचं, बंद. दहा आकडे मोजायच्या आत. एखादा ड्रॉवर रिकामा झाला की त्यात पाण्याच्या बाटल्या नाहीतर ब्रेड कोंबायचे, कारण भरलेला फ्रीझर थंडी धरून ठेवतो. इथं आमचं खरं वाजायचं. मी म्हणायचो, "पाव्हणं, माझ्याकडं रात्री पातेली उपडी घालायची पद्धत होती. उपड्या पातेल्यांची रांग बघितली की मी समजायचो, आज सगळी पोटभर जेवली. तुमचं सुख भरलेल्यात, माझं रिकाम्यात." ते म्हणायचे, "तुमच्याकडे रोज शंभर माणसं होती. माझ्याकडे एक मुलगी होती. एका मुलीपुरती आमटी करून बघा कधी." यावर मी विषय बदलला. हरलो असं कुणी समजू नये.

सूनबाईला दिवस गेले आणि पंचाईत आली. दोन्ही घरांत बाई राहिलेली नाही. आमची मंडळीही जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, हे सगळ्यांना मान्य. पण माहेर म्हणजे पिनरचा एक एकटा म्हातारा. मुलाचं घर पिनरपासून तासाभरावर, रीडिंग गावात. सूनबाईचं हॉस्पिटल रीडिंगला, मिडवाइफ म्हणजे सुईण रीडिंगला, नवरा रीडिंगला, तिनं पिनरला जाऊन राहायचं कसं? मी म्हणालो, "त्यात काय, मी आहे की इथं. मी करीन." व्याही माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "नाही आप्पा. तुम्ही सासर. तिला माहेरी नेता येत नसेल तर माहेर इकडे आणायचं."

आणि त्यांनी आणलं. रीडिंगच्या घराच्या गॅरेजमध्ये एक उभा फ्रीझर येऊन बसला, माणसाच्या उंचीचा, सहा ड्रॉवरांचा. मग दोन महिने पिनरला हा माणूस एकटा राबत होता. पुण्याच्या बहिणीला फोन लावून, कानाला फोन आणि हातात उलथणं, असा शिकत होता. कुळथाचं कढण, शेपूची भाजी, मुगाचं वरण, अळिवाची खीर, बाजरीच्या भाकऱ्या, ओवा घातलेलं काय काय. दर शनिवारी गोठवलेला माल जाड पिशव्यांत बांधून गाडीतून रीडिंगला आणायचे. एरवी गाडी अशी चालवतात की मागचे हॉर्न देऊन दमतात. शनिवारी मात्र एम-फोर हायवेवर हळू गाड्यांची डावी लेन सोडून पुढं काढायचे म्हणे. चाळीस दिवसांचं बाळंतपण, सकाळ-संध्याकाळ मांडून, ड्रॉवरांत लावलेलं. दाराला नकाशा.

मी ते सगळं बघत होतो आणि माझं डोकं तापत होतं. ओल्या बाळंतिणीला शिळं घालायचं? तेही बर्फातलं? माझ्या घरात? एका शनिवारी ते खाली बसून ड्रॉवर लावत होते, तेव्हा मी मागं उभा राहून बोललो, "पाव्हणं, राग मानू नका, पण ह्याला माहेर म्हणत नाहीत. ह्याला मुडदाघर म्हणतात. नावाच्या चिठ्ठ्या लावून ड्रॉवरात ठेवायचं म्हणजे दुसरं काय?" नुकतीच उभी लावलेली पिशवी त्यांनी उगाच काढली आणि परत तशीच उभी ठेवली. दार लावताना दहाच्या वर आकडे झाले होते, ते मी मोजले. मुलगा दारातच उभा होता, त्यानं ऐकलं. "आप्पा, धिस इज टू मच हां," एवढं म्हणाला आणि आत गेला.

जुलैतल्या एका गुरुवारी पहाटे सूनबाईला कळा सुरू झाल्या. मुलगा तिला घेऊन पुढं गेला. व्याही तासाभरात पिनरहून मला न्यायला आले, गाडी चालूच ठेवून हॉर्न देत होते. घर बंद करायचं माझ्याकडं. तीस वर्षं मी खानावळीतून शेवटचा बाहेर पडणारा माणूस. शेगडी बघायची, दिवे बघायचे, भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची, मग कुलूप. हात आपोआप चालतो. त्या दिवशीही चालला. किचनमधला फ्रिज तेवढा सोडला, कारण त्याचं बटण कपाटाच्या मागं आहे आणि मला सापडत नाही. घरभर बटणं बंद केली, गॅरेजमधून बाहेर पडताना तिथलंही केलं, आणि 'काही राहिलं नाही ना' असं स्वतःला विचारून गाडीत बसलो.

शेवटी ऑपरेशन करावं लागलं. मुलगी झाली. दोघी रविवारपर्यंत हॉस्पिटलात, मुलगा त्यांच्यापाशी, आणि मी, घरी एकटा नको म्हणून, पिनरला व्याह्यांकडं. रविवारी दुपारी आम्ही दोघे पुढं आलो, संध्याकाळी त्या तिघांना घरी यायचं होतं. व्याही खुशीत होते. आज पहिल्या ड्रॉवराचा दिवस. ते किचनमध्ये हात धुवायला लागले. त्यांचं हात धुणं ऑपरेशनला जाणाऱ्या माणसाचं असतं, त्यात पुष्कळ वेळ जातो. मी गॅरेजमध्ये गेलो तर पायाखाली चिकचिक लागली. फ्रीझरखालून पाणी. भिंतीकडं बघितलं, बटण बंद.

मी बटण दाबलं. मोटार घुरघुरायला लागली. आतून नळाचा आवाज येत होता. फडकं समोरच होतं. पाणी पुसलं असतं, दार लावलेलंच होतं, दोन तासांत सगळं परत दगड झालं असतं, असं मला त्या घटकेला वाटलं, खोटं कशाला बोलू. शिवाय मी काय बोललो होतो ते घरात सगळ्यांना ठाऊक. आता जाऊन सांगितलं की चुकून झालं, तर कोण विश्वास ठेवणार? म्हाताऱ्यानं दावा साधला, हेच म्हणणार. मुलगा म्हणणार, सूनबाई म्हणणार. आयुष्यात मला कुणी आडमुठा म्हटलं ते मी ऐकून घेतलं, पण कपटी कुणी म्हटलं नव्हतं. फडकं हातात घेतलं. मग ध्यानात आलं, की हे खाणार कोण? पोट फाडून घेऊन घरी येणारी पोर.

मी हाक मारली. ते ओल्या हातांनी आले. मी म्हणालो, "पाव्हणं, बटण मी बंद केलं. मुद्दाम नाही. पण केलं मीच."

त्यांनी दार उघडलं नाही. आधी विचारलं, "किती वाजता?"

"गुरुवारी. निघताना."

ते बोटांवर मोजत होते. "भरलेला असला तर दोन दिवस तग धरतो. साडेतीन नाही. त्यातून हा इथला उन्हाळा." मग दार उघडलं, थर्मामीटर बघितला आणि तो मलाही दाखवला. आकडा सोळा होता. पुढं उणे नव्हतं. "परत गोठवून चालणार नाही, आप्पा. कचऱ्याची बिनबॅग आणता का?"

एवढंच. मी म्हणालो, "तुम्हाला वाटत असंल की मी..." तर म्हणाले, "मला काही वाटत नाही. तुम्ही पिशवी धरा." मी पिशवी धरली आणि ते एकेक वाचून टाकत गेले. कढण, पहिला दिवस, सकाळ. शेपू, पहिला दिवस, संध्याकाळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्या चिठ्ठ्या मराठीत होत्या, मोठ्या सुट्या अक्षरांत. सूनबाई तिथं जन्मलेली, तिला मराठी वाचता येत नाही. व्याही स्वतः तर दुधाचा हिशेबही इंग्रजीत ठेवतात. मी विचारलं, "हे मराठीत कशापायी?" ते वाकलेलेच होते. "मी रोज इथे थोडाच असणार होतो? तुम्हीच काढून देणार होतात ना तिला." पाच ड्रॉवर रिकामे झाले. मी उपड्या पातेल्यांच्या गप्पा मारणारा माणूस, पण तो रिकामा फ्रीझर माझ्यानं बघवेना.

सहाव्यात डिंकाचे लाडू होते. चाळीस. दिवसाला एक, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळलेला. त्यांनी डबा उचलून पिशवीवर धरला आणि मी त्यांचं मनगट पकडलं. "हे न्हाई."

"आप्पा, शंका असेल तर टाकायचं. नियम आहे."

"शंका तुम्हाला हाय, मला न्हाई. डिंकाचा लाडू पितळेच्या डब्यात महिनाभर ऱ्हातोय. ह्याला फ्रीझर लागतुया कुठं? तुम्ही उगं झोपवला त्याला. वास घ्या, फोडून बघा."

"वासावर मी कधीही ठरवलेलं नाही. धोका असतो त्याला वास नसतो."

"मग तुमच्या डॉक्टरकीनं सांगा. ह्यात पाणी हाय का?"

ते थांबले. डबा तसाच धरलेला. तळलेला डिंक, भाजलेलं खोबरं, खारीक, गूळ, तूप असं एकेक नाव घेत गेले, पेशंटची नाडी मोजावी तसं. "नाही," म्हणाले. "पाणी नाही. पाणी नसेल तर काही वाढत नाही." एक कागद सोडला. लाडू कोरडा ठणठणीत. मी फोडायला हात पुढं केला तर म्हणाले, "थांबा. मी आधी खातो." मी म्हणालो, "चूक माझी, मी आधी." मग त्यांनी एक घेतला, एक मी घेतला, आणि गॅरेजमध्ये उभ्यानं दोघांनी खाल्ले. त्यांनी घड्याळ लावलं. "दोन तासांत तसं काही कळत नाही. त्रास व्हायला दिवसही लागतो." मी म्हणालो, "मग थांबायचं कशाला?" "तरी थांबू या."

ते दोन तास मी बसून काढले नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून मेथी मिळाली, तिची भाजी टाकली, मऊ भात केला, लसूण घालून मुगाचं वरण. व्याही शेजारी उभे राहून "कमी, आप्पा, कमी, उरेल" असं म्हणत होते, आणि मी एका बाळंतिणीपुरतं वरण करायला गेलो ते सहा माणसांचं झालं. एका माणसाचा स्वयंपाक अवघड असतो, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. मी तसं त्यांना म्हणालो नाही. भांडं बघून त्यांनाच कळलं असावं.

सहाला तिघं आली. सूनबाई सोफ्यावर टेकली, बाळ व्याह्यांच्या हातात गेलं. मी ताट आणलं, वर लाडू ठेवला. मुलगा गॅरेजमध्ये डोकावून आला होता. माझ्याकडं बघत म्हणाला, "फ्रीझर एम्प्टी का आहे? सगळं जेवण कुठं गेलं?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात व्याही बाळावरची नजर न काढता म्हणाले, "ताजं करायचं ठरलं. आप्पा करणार, मी मदतीला येणार. आमचं ठरलं आहे." आयुष्यात तारखेचीसुद्धा फसवाफसवी न केलेला माणूस. सूनबाईनं लाडवाचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, ही लाडू तू केलास? सगळी तूच?" "हो," व्याही म्हणाले. तिनं मग भाताला हातच लावला नाही, आधी तो सबंध लाडू खाल्ला, हळूहळू, सांडलेली कणीसुद्धा बोटानं टिपून.

पुढं रोज ते पिनरहून येत राहिले. मी करायचो, ते घड्याळ लावायचे, भांडण चालूच असायचं. रोज सकाळी मात्र ताटात पहिला लाडू पडायचा, आणि त्याला मी हात लावायचो नाही, ते स्वतः नेऊन द्यायचे. मी आता कराडला परत आलो त्यालाही बरीच वर्षं झाली. रविवारी त्यांचा फोन येतो, फ्रिजचा आकडा विचारतात, मी मनाला येईल तो सांगतो. आताशा त्यांच्या हातून फार होत नाही, डब्यातलं मागवतात असं सूनबाई सांगते.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्याशी कधी बोललो नाही. अडतिसाव्या दिवशी लाडू संपले. पुण्याहून आलेला डिंक संपला होता आणि तिथल्या दुकानातला त्यांना पसंत नव्हता. एकोणचाळिसाव्या दिवशी सूनबाईनं ताटाकडं बघितलं, वडलांकडं बघितलं, आणि मुकाट्यानं भाकरी मोडली. चाळिसाव्या दिवशीही तसंच. त्यातला एक दिवस व्याह्यांनी खाल्ला होता, पण तो बाप होता. दुसरा माझ्या पोटात गेला. तपासायला अर्धा पुरला असता. मी अख्खा खाल्ला.